राणी आली की नेट जातं

चहा घ्या आधी. आणि एक कबूल करा, माझं सांगून होईपर्यंत कोणी हसायचं नाही. प्रकरण गंभीर आहे. एक जुनी मैत्री तुटायला आली होती, शेजाऱ्यांशी बोलणं बंद झालं होतं, आणि आमच्या घरच्या इंटरनेटची मी जेवढी चौकशी लावली होती, तेवढी तर पोलीसही कोणाची लावत नसतील! आणि सापडलं काय? सांगतो. तोंड लपवायला जागा नव्हती, एवढंच आत्ता सांगतो.

मी संरक्षण कारखान्यातून निवृत्त झालो हे तुम्हाला माहीतच आहे. पण कुठल्या विभागातून? निरीक्षण विभागातून! म्हणजे दुसऱ्याच्या कामातली खोट शोधायची, आणि त्याचाच पगार घ्यायचा. सुनंदा, म्हणजे आमची बायको, म्हणते की निवृत्त झाल्यापासून तेच काम मी घरी फुकटात करतो. भाजीत मीठ, दाराची कडी, पंख्याचा आवाज, माझ्या नजरेतून काही सुटत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दत्तू ठोसर माझ्याच विभागातला. जेवणाच्या सुट्टीत कारखान्याच्या क्लबात आम्ही दोघं कॅरम खेळायचो. आख्खी नोकरी खेळलो. पावसात खेळलो, जबलपूरच्या मे महिन्यात खेळलो, एकमेकांशी भांडण चालू असताना तोंड फिरवून खेळलो. क्लबात बोर्डावर टांगलेला एक बल्ब, बोरिक पावडरचा डबा आणि कोपऱ्यात एक माठ. माठावर पितळी झाकण, आणि पेला साखळीने बांधलेला, कारण आमच्याकडे सगळंच सरकारी!

मग दोघंही निवृत्त झालो. आणि दोन वर्षांपूर्वी दत्तूची बायको गेली. आमच्या कुमुदवहिनी. तिलवाऱ्याला नर्मदेत अस्थी सोडल्या तेव्हा दत्तू काही बोलला नाही. नंतरही बोललाच नाही. त्याचा मुलगा प्रशांत त्याला पुण्याला घेऊन गेला. स्टेशनवर गाडी हलली तेव्हा मी हात वर केला. त्याने खिडकीतून बोटांनी स्ट्रायकर मारल्यासारखं केलं. मला तेव्हा फार वाईट वाटलं.

पुण्यात त्याचं कोणी नव्हतं. सातव्या मजल्यावर घर, मुलगा-सून कामाला, खाली बागेत सगळे म्हातारे शेअर बाजारावर बोलतात. हा बसून राहायचा. तेव्हा आमच्या मुलाने हैदराबादहून मला एक टॅब पाठवला. त्यात सिमकार्ड नाही, तो फक्त घरच्या वाय-फायवर चालतो. त्यात कॅरम घालून दिलं. तिकडे प्रशांतने दत्तूच्या टॅबमध्ये तेच घातलं. इकडे मी जबलपुरात, तिकडे तो पुण्यात, आणि मधे बोर्ड! रोज दुपारी चारला.

महिनाभराने प्रशांतचा फोन आला. म्हणाला, "मधूकाका, बाबा आता चारच्या आधी दाढी करून बसतात. स्वच्छ शर्ट घालतात. मी सांगितलं, बाबा, त्यांना तुम्ही दिसत नाही. तर म्हणाले, मी कसा बसलो आहे ते मला तर माहीत आहे ना."

म्हणजे मामला किती नाजूक होता पाहा.

आणि अशात आमचं नेट जायला लागलं.

जायला लागलं म्हणजे कसं? वाट्टेल तेव्हा नाही! सुनंदाच्या भजनांना काही होत नसे. मी बातम्या पाहिल्या, काही नाही. कॅरमही निम्मं व्हायचं सुरळीत. पण बोर्डावर राणी मोकळी झाली आणि दत्तू तिच्यावर नेम धरून बसला की झालं! पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागायचं. फिरतं, फिरतं, आणि मग पाटी: संपर्क तुटला, डाव रद्द. दत्तू जिंकत आलेला डाव, रद्द!

एकदा झालं, दोनदा झालं. मग दत्तूचा फोन आला.

"काहून बे मध्या, हे काय करून राहिला तू?"

"मी काय केलं?"

"मी राणीला हात लावला की तुझं नेट कसं जाते? तू हरून राहिला असला की बरोबर जाते?"

"अबे, मी काय तार उपटतो का?"

"मी कसं सांगू? मी काय तिथे आहे?"

मला लागलं ते. ज्या माणसाने एकदाही बेइमानीने सोंगटी सरकवली नाही, त्याच्यावर हा आरोप? मी म्हटलं, दत्तू, मी या जबलपुरात सगळ्यात पक्कं नेट बसवीन, मग बोलू. निरीक्षण विभागातला माणूस आहे मी!

नेटवाल्याकडे तक्रार केली. एक भैया आला, बैठकीत माझ्याच खुर्चीत बसला, टॅब हातात घेतला. सगळं तपासलं.

"अंकलजी, नेट तो दौड़ रहा है।"

"आत्ता दौडेल. राणी येऊ दे, मग पाहा."

"कौन रानी?"

"कॅरमवाली! जब रानी आती है, तब जाता है."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग सुनंदाकडे पाहिलं. सुनंदाने खांदे उडवले. तो भैया फार आदराने म्हणाला, "अंकलजी, रानी आए तब फ़ोन कर देना," आणि गेला. मी तीनचार वेळा त्याला बोलावलं. शेवटी तो आमचा फोन उचलेना.

मग मी निरीक्षकासारखा विचार केला. यंत्र ठीक, तार ठीक, आणि तरी माल कमी पडतो, म्हणजे काय? चोरी! आणि चोर कोण? भिंतीला भिंत लागून मिश्राजींचं घर. दुपारी त्यांचे नातू शाळेतून येतात, ते साधारण चारलाच. सगळं बरोबर जुळत होतं!

आता मिश्राजी म्हणजे देवमाणूस. पनागरला त्यांची शेती, हिवाळ्यात मटारचं पहिलं पोतं उतरलं की आमच्या दारात टोपली आधी. पण संशयाला मटार कुठे दिसतात? मी पासवर्ड बदलला. आणि माझ्या डोक्यात एवढी आग होती, की नवा पासवर्ड मी काय ठेवला असेल? मिश्राचोर. इंग्रजी अक्षरांत, सगळं जोडून. म्हटलं, ज्याला चोरायचं आहे त्याने आधी हे टाइप करून दाखवावं! सुनंदाला एका चिठोऱ्यावर लिहून दिला. तिने वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि फ्रिजवर चिकटवला.

दुसऱ्या दिवशी चार वाजता राणी आली, आणि नेट गेलं.

माझा तर घसाच कोरडा पडला होता. हा मला जुना त्रास आहे, खेळ रंगला की पडतो. पाणी पिऊन मिश्राजींकडे गेलो, म्हटलं जरा डोळ्यांनी पाहावं. तर ते अंगणात बसलेले, नातू बॅट घेऊन पळताहेत, कोणाच्या हातात मोबाईलसुद्धा नाही.

"आइए भाईसाहब! उदास क्यों हैं?"

सांगितलं त्यांना. चोरीचं सोडून बाकी सगळं सांगितलं. तर हा भला माणूस म्हणतो, "अरे, तो कल हमारे यहाँ खेलिए ना! हमारा वाला कभी नहीं जाता।"

गेलो. त्यांच्या सोफ्यावर बसलो, त्यांचं नेट जोडलं. खेळ रंगला, राणी मोकळी झाली, दत्तूने नेम धरला. माझ्या घशाला कोरड पडली, एवढ्यात मिश्राइनभाभी ट्रेमध्ये पाणी घेऊन हजर! मी डोळे मिटून पेलाभर पाणी प्यायलो. डोळे उघडले तर दत्तूने राणी घेतली होती, आणि मागोमाग दुसरी सोंगटी घालून पक्की केली होती. नेट जागच्या जागी! मी पूर्ण हरलो आणि मला आनंदाने रडू येणार होतं.

सिद्ध झालं ना? दोष आमच्या नेटचा! बदलून टाका! रोज तिथे जाऊन खेळता आलं असतं, पण मिश्राजी मागे उभे राहून "इसको मारिए, इसको" करतात, ते कोण सहन करील?

तर मिश्राजींच्याच कंपनीचं कनेक्शन घेतलं. मिश्राजी स्वतः त्यांचा माणूस घेऊन आमच्याकडे आले, स्वतः उभे राहून काम करवून घेत होते. वाय-फायचा नवा डबा बसला, दोनाच्या जागी चार शिंगांचा. तो माणूस म्हणाला, "अंकलजी, पुराना पासवर्ड ही रख दूँ? सब में फिर से डालना नहीं पड़ेगा।"

मी म्हटलं, "नाही नाही, नवीन..."

पण सुनंदा स्वयंपाकघरातून मदतीला धावली. फ्रिजसमोर उभी राहून मोठ्याने एकेक अक्षर वाचायला लागली. "लिहा भैया! एम, आय, एस, एच, आर, ए..."

मिश्राजी हसले. "अरे, हमारे नाम पर रखा है!"

मी म्हटलं, "सुनंदा, पुरे!"

"अहो थांबा, अजून आहे ना. सी, एच, ओ..."

शेवटचं अक्षर यायच्या आधीच मिश्राजींचं हसू थांबलं. तो माणूस टाइप करायचा थांबला. मिश्राजी चपला घालता घालता एवढंच म्हणाले, "भाईसाहब, हमारा नेट तो आपसे तेज़ था।"

हिवाळा लागला, पण आमच्या दारात मटारची टोपली आली नाही.

बरं, एवढं करून निदान नेट तरी? दुसऱ्या दिवशी चार वाजता राणी आली, मी घसा ओला केला, आणि टॅबवर ते चक्र फिरायला लागलं. चार शिंगं असून!

दत्तूचा फोन आला. या वेळी तो चिडलाच नाही, आणि तेच वाईट होतं.

"राहू दे मध्या."

"काय राहू दे?"

"तुला कंटाळा आला असेल. रोज रोज म्हाताऱ्यासोबत काय खेळायचं. तसं सांगायचं ना सरळ, नेट कशाला मधे आणतो."

"दत्तू, देवाशपथ..."

"चलो, ठेवतो."

आणि ठेवला. मग चार वाजता मी टॅब उघडून बसायचो, आणि त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका काही लागायचा नाही. आठवड्याने प्रशांतचा फोन. "मधूकाका, काही झालंय का? बाबा दाढी करत नाहीत."

मी सुनंदाला काही सांगितलं नाही. बैठकीत जाऊन त्या चार शिंगांच्या डब्याकडे पाहत बसलो. सगळ्या आयुष्यात मी हजार वस्तूंतली खोट पकडली, आणि ही एक पकडता येईना. माझा मित्र माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा मुका होत होता. मला स्वतःचा एवढा राग कधी आला नव्हता.

फोन केला. म्हटलं, दत्तू, एक डाव. फक्त एक. वहिनींची शपथ घालतो.

तो म्हणाला, "तिची शपथ कशाला घालतो बे. बस."

बसलो. काय खेळला तो त्या दिवशी! कोपऱ्यातल्या सोंगट्या अशा उचलल्या, की मला त्याची ती टेकवलेली करंगळी दिसत होती. मग राणी मधोमध मोकळी पडली आणि पाळी त्याची. तोंडात थेंब नाही. उठलो, पाण्याकडे गेलो. टॅब हातातच, कारण पाळी येऊन वेळ गेली तर डाव हुकतो, म्हणून मी तो कधी खाली ठेवत नाही. पाणी प्यायलो, पडद्याकडे पाहिलं.

चक्र.

मी तिथूनच मोबाईलवरून दत्तूला फोन लावला. म्हटलं, "दत्तू, पुन्हा गेलं रे. पण मी काही केलं नाही, तुझ्या गळ्याची शपथ, मी काही..." आणि बोलता बोलता माठावर झाकण ठेवलं. पितळी झाकण, जरा जोरात बसलं.

पलीकडून दत्तू म्हणाला, "हा आवाज कसला आला?"

"कसला? झाकणाचा."

"कशाच्या झाकणाचा?"

"माठाच्या. ते जाऊ दे, नेटचं..."

"मध्या, तू आत्ता कुठे उभा आहे?"

"मागच्या व्हरांड्यात."

"टॅब?"

"हातात."

"तिथे काय करून राहिला?"

"अरे, पाणी पिऊन राहिलो! का?"

मग पलीकडून काहीतरी विचित्र आवाज यायला लागला. मी घाबरलो, म्हटलं हा रडतो की काय? कान देऊन ऐकलं तर दत्तू हसत होता! कुमुदवहिनी गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसला.

"अबे मध्या! क्लबात मी राणीवर नेम धरला की तू काय करायचा?"

मी आठवायला लागलो. आणि माझ्या डोळ्यांसमोर काय आलं? बोर्ड नाही, दत्तू नाही, सोंगट्या नाहीत. साखळीने बांधलेला पेला!

"माठाकडे जायचा तू!" दत्तू ओरडला. "तुझ्याच्यानं पाहवायचं नाही! आख्ख्या विभागाला माहीत होतं. मध्याला तहान लागली म्हणजे राणी गेली!"

"मला कोणी सांगितलं नाही."

"काय सांगायचं? तू परत येऊन बसेपर्यंत आम्ही थांबायचो. मग मारायचो. हे मशीन थांबत नाही ना बे."

मागे वळून पाहिलं तर सुनंदा दारात उभी. तिने टॅब माझ्या हातातून घेतला आणि बैठकीत गेली. नेट आलं. मधल्या खोलीत आली, जिथे मझौली गावाहून आणलेल्या वर्षभराच्या गव्हाच्या दोन पत्र्याच्या कोठ्या भिंतीला लावून ठेवल्या आहेत, माणूसभर उंच. त्यांच्या अलीकडे नेट, पलीकडे व्हरांड्यात नेट नाही. परत अलीकडे, आहे. पलीकडे, नाही. एवढं निरीक्षण तिने पोळ्या लाटायच्या मधे केलं.

"मी तर रोज पाहते तुम्हाला," ती म्हणाली, "टॅब घेऊन माठाकडे जाताना."

"मग सांगितलं काहून नाही?"

"मला कधी विचारलं? तुम्ही तर भिंतीपलीकडे चोर शोधून राहिले होते."

मी चपला घातल्या.

मिश्राजींकडे गेलो. हात जोडले, सगळं सांगितलं, माठासकट. ते आधी गंभीर राहिले. मग भाभी पदर तोंडाला लावून आत पळाल्या आणि मग मिश्राजींनाही आवरलं नाही. दुसऱ्या दिवशी मटारची टोपली आली. पासवर्डही बदलला, सुनंदाने बदलला. काय ठेवला ते मला सांगत नाही. पाहुण्यांनी विचारला तर त्यांना स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगते, आणि पाहुणे बाहेर येऊन माझ्याकडे पाहून हसतात. त्यात माझं नाव आहे, एवढं मला कळलं आहे.

आता चार वाजता माझ्या खुर्चीशेजारी तांब्या-भांडं भरून ठेवलेलं असतं. प्रशांत म्हणतो, बाबा पुन्हा दाढी करून बसतात. परवा असाच डाव रंगला, राणी मोकळी झाली, दत्तूची पाळी. पाय आपोआप उचलला गेला, तो मी दाबून खाली ठेवला. तांब्या निम्मा केला. खुर्चीचे हात धरले. आणि आयुष्यात पहिल्यांदा, जागचं न हलता, डोळे सताड उघडे ठेवून, राणी जाताना पाहिली. सावकाश गेली हो. पार भोकाच्या काठावर जरा थांबून गेली.

लगेच दत्तूचा फोन.

"काहून बे मध्या, तिथेच आहे ना?"

"आहे."

"पाहिलं?"

"पाहिलं."

"हां," तो म्हणाला, "नेट सुधारलं तुझं."